एका रविवारात तीन दारं

आमच्याकडे कोणी वारलं की त्या घरी भेटायला जाण्याला दारावर जाणं म्हणतात. पत्रिकेत ‘द्वारदर्शन’ असं भारदस्त छापतात, बोलण्यात नुसतं दार. मी एकदा एका रविवारात तीन दारं बसवली होती. सांगताना अजूनही थोडी लाज वाटते, पण सांगते.

मी नंदुरबारला एका कार्यालयात नोकरी करते. गावागावांतून आकडे मागवायचे, ते भरायचे आणि वर पाठवायचे, हे माझं काम. फोनवरच्या ग्रुपात दर तासाला ‘तात्काळ’ म्हणून काहीतरी येतं, आणि ज्याच्या नावापुढे ‘प्रलंबित’ दिसतं त्याचा सगळ्यांसमोर पाणउतारा होतो. माझ्या नावापुढे ते कधी दिसलं नाही. याचा मला गर्व होता. अजून आहे, उगाच खोटं कशाला बोलू? हळूहळू मी घरही त्याच शिस्तीत चालवायला लागले. सकाळी यादी करायची आणि रात्रीपर्यंत एकेका ओळीवर काट मारायची. सासूबाईंना मी जिजी म्हणते. जिजी शेजारणीला सांगायच्या, “मन्ही वहू झोपमा बी फारम भरस.”

त्या जानेवारीत आठ दिवसांत नात्यातली तीन माणसं गेली. तिन्ही लांबची, पण दार चुकवलं तर वर्षानुवर्षं लक्षात ठेवतील इतकी जवळची. मी रविवारी सकाळी यादी केली. पहिलं दार रनाळ्याला, दुसरं तिथून पुढच्या एका गावात, तिसरं परत येताना नंदुरबारातच. प्रत्येक दाराला वीस मिनिटं. दुपारी दोनपर्यंत घरी, कारण संध्याकाळी एक अहवाल पाठवायचा होता. जिजींनी यादी ऐकली आणि फिकट लुगडं नेसता नेसता एवढंच म्हणाल्या, “दारवर जाताना घड्याळ घरी ठेवतस, माय.” मी गाडी काढली.

रनाळ्याचं दार बरोबर वीस मिनिटांत उरकलं. उरकलं हाच शब्द तेव्हा माझ्या मनात आला होता. तिथल्या बायका जिजींच्या गळ्यात पडून रडत होत्या आणि मी कोपऱ्यात बसून पुढच्या गावाचा रस्ता फोनवर बघत होते.

दुसऱ्या गावाचं नाव सांगत नाही, कारण लहान गाव आहे आणि तिथं सगळे सगळ्यांना ओळखतात. तिथं आमचे एक दूरचे मामा वारले होते. वय झालेलं होतं, भरल्या घरातून गेले होते. त्या घरी जिजी पंचवीस वर्षांत गेल्या नव्हत्या आणि मी तर कधीच नाही. एका भाच्यानं नातेवाइकांच्या ग्रुपात घराचं ठिकाण पाठवलं होतं. फोनमधली बाई सांगेल तसं वळत गेलो आणि ती जिथं ‘पोहोचलात’ म्हणाली तिथं मी गाडी थांबवली. गल्लीत मिरच्या वाळत घातल्या होत्या. थंडीतल्या उन्हात तो तिखट वास घशाला लागत होता. समोर दगडी ओटा आणि अर्धवट उघडं दार होतं.

जिजी गाडीतून उतरल्या आणि थबकल्या. “अठे चप्पला नही शेतस,” त्या म्हणाल्या. दाराच्या घरी ओट्याखाली चपलांचा ढीग असतो. इथं एकच जोड होता, तोही बाईमाणसाचा.

“लोकं येऊन गेली असतील,” मी म्हणाले. “आपल्याला उशीर झालाय. चला.”

आमच्या रिवाजाप्रमाणे बायका दाराशी पोहोचण्याआधीच रडायला सुरुवात करतात. शहरातल्या माझ्या मैत्रिणींना हे नाटक वाटतं. मलाही तरुणपणी वाटायचं. जिजींनी पदर तोंडावर ओढला आणि सूर धरला, “कथा गया रे बाप मन्हा...” मीही पदर डोक्यावर घेतला आणि त्यांच्यामागून आत शिरले.

आत एक साठी उलटलेली बाई एकटी बसली होती. पुढ्यात लाल मिरच्यांचा ढीग होता आणि ती देठं तोडत होती. आम्हाला बघून ती उठली. दोन अनोळखी बायका आपल्या घरात रडत शिरताहेत म्हटल्यावर माणूस जसं बघेल तसं तिनं बघितलं. तोंड उघडलं, काहीतरी विचारणार होती. मग ती जिजींच्या गळ्यात पडली. पण हात मात्र तिनं दोन्ही बाजूंना लांब धरले होते, कारण बोटं मिरचीनं माखलेली होती. “मन्ही बाय वं,” एवढंच ती म्हणत होती. “मन्ही बाय वं, मन्ही बाय.”

आणि जिजींचा सूर मध्येच बदलला. ‘बाप मन्हा’ म्हणत होत्या, ते ‘बाय मन्ही’ म्हणायला लागल्या.

मला तेव्हा कळलं नाही, कारण मी घड्याळ बघत होते. दहा मिनिटं झाली आणि रडणं थांबेना, तेव्हा मी इकडेतिकडे पाहायला लागले. मामांचा फोटो कुठंच नव्हता. भेटायला आलेली पुरुषमाणसं नव्हती. आणि ज्या घरात चार दिवसांपूर्वी माणूस गेलं, त्या घरात मिरच्यांची देठं कोण तोडत बसेल? मी जिजींच्या कानाशी वाकले आणि म्हणाले, “जिजी, दार चुकलं.”

“माले ठाऊक शे,” जिजी पदराआडून म्हणाल्या. “बठ.”

मी बसले. खरं सांगायचं तर मला राग आला होता. ठाऊक होतं तर उंबऱ्याबाहेरच सांगायचं, दोन शब्द बोलून माफी मागून निघालो असतो. आता या बाईला काय सांगणार? आणि ज्या घरी जायचं ते घर कुठं राहिलं?

जिजींनी आपल्या पदरानं तिचे डोळे पुसले, कारण तिला स्वतःला ते पुसता येत नव्हते. मग मी उठून मोरीतून तांब्याभर पाणी आणलं, तिच्या हातांवर घातलं आणि ते साबणानं चोळून धुतले. मिरचीची आग अशी सहज जात नाही. मी डब्यातलं तेल शोधून तिच्या बोटांना लावलं. दुसऱ्याच्या घरात डबे उघडताना मला संकोच वाटला नाही, याचं नंतर नवल वाटलं. हात धुऊन झाल्यावर ती बोलायला लागली.

तिला एकच मुलगी होती. आठ वर्षांपूर्वी ती आपल्या मनानं लग्न करून सुरतेकडे निघून गेली. मुलगा परजातीचा होता. बापानं आकांत केला नाही, शिव्या दिल्या नाहीत. त्या वर्षीच्या आखाजीला त्यानं मुलीच्या नावानं घागर भरली.

हे आमच्या भागाबाहेरच्या वाचकाला सांगायला हवं. अक्षय तृतीयेला आम्ही आखाजी म्हणतो. त्या दिवशी नवी मातीची घागर पाण्यानं भरून तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतात. ती घागर घरातल्या गेलेल्या माणसांसाठी असते. घरचा पुरुष उंबऱ्यावर कुंकवाचं एकेक बोट ओढतो आणि प्रत्येक बोटाला एकेका पितराचं नाव घेतो. आणि याच आखाजीला सासरी गेलेल्या मुली माहेरी येतात, झाडाला झोका बांधतात, गाणी म्हणतात. एकाच दिवशी घर गेलेल्यांची आणि मुलींची वाट बघतं. त्या बापानं जित्या मुलीला एका बोटानं मुलींच्या बाजूकडून गेलेल्यांच्या बाजूला केलं होतं. पुढे दर आखाजीला तो तिच्या नावाचं बोट ओढत राहिला.

“आनि या दिवाईना मांगे,” ती म्हणाली, “खरंच गयी ती. कावीय झायी व्हती. जवाईना फोन उना.”

दिवाळीनंतर कावीळ होऊन मुलगी गेली. बापानं फोन ऐकला आणि म्हणाला, तिची घागर कधीच भरली गेली, आता कसलं दार? गावात कोणाला कळवलं नाही. ज्यांना कळलं तेही आले नाहीत, कारण जिथं घरधनीच दार मांडत नाही तिथं कोण कसं येणार? तिनं घरात रडायचं नाही, असं तो काही म्हणाला नव्हता. पण तो समोर असला की तिला रडू यायचं नाही. मग तिनं एका व्यापाऱ्याकडून मिरच्यांची देठं तोडायचं काम घरी आणलं. दिवसभर डोळ्यांतून पाणी वाहिलं तरी कोणी विचारत नाही. नवऱ्यानं पाहिलं तरी मिरची आहे म्हणायचं. घरात काही कमी नव्हतं, कामाची गरज नव्हती. दोन महिने ती रडण्यासाठी मिरच्या निवडत होती.

मी दाराच्या घरी खोटं रडण्यात मुरलेली बाई, त्या दिवशी मात्र पदराखाली तोंड घालून हमसून रडले. मी कोणासाठी रडत होते ते मला सांगता येणार नाही. थोडं त्या मुलीसाठी, थोडं त्या मिरच्यांसाठी, आणि थोडं माझ्या वीस मिनिटांच्या लाजेसाठी.

फोन दोनदा थरथरला. मी तो पिशवीच्या तळाशी ढकलला.

आता खरं सांगायलाच हवं होतं. मी नाक पुसलं आणि म्हणाले, “मावशी, एक सांगू? आम्ही खरं म्हणजे...”

“दार चुकनात तुम्ही,” ती म्हणाली. “माले समजनं व्हतं. ते घर मांगली गल्लीमा शे, पिंपयना मोऱ्हे.”

“कधी समजलं?”

“उनात तव्हयच. तुम्ही बाप बाप म्हनी ऱ्हायन्तात ना.” ती थोडी हसली, रडून सुजलेल्या डोळ्यांनी. “पन मन्हा दारवर कोनी रडत उनं, ते मी कसं सांगू जा म्हनीसन?”

मी जिजींकडे बघितलं. जिजी शांतपणे पाय चोळत होत्या. दोघींनाही पहिल्या मिनिटापासून माहीत होतं. कळलं नव्हतं ते फक्त मला, जी यादी घेऊन आली होती.

दीड तास झाला होता. जिजी उठल्या. दाराच्या घरून निघताना ‘येते’ म्हणत नाहीत. दुःखाच्या घरी परत येणं कोणी मागू नये म्हणून मुकाट्यानं उठायचं आणि मागे न बघता चालू लागायचं, असा रिवाज आहे. जिजी तशाच निघाल्या. आणि मी, बारा खेड्यांच्या बैठका करून फिरणारी, सवयीनं बोलून गेले, “येते हं, मावशी.”

जिजींनी माझ्याकडे असं बघितलं की मी जागच्या जागी ओशाळले. पण ती बाई उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, “म्हनी दिधं ना? ते ये मंग.”

मामांच्या घरी पोहोचलो तेव्हा तिथले लोक जेवायला बसले होते. तिसरं दार जिजींनी सोमवारी शेजारणीबरोबर रिक्षानं केलं. अहवाल उशिरा गेला आणि माझ्या नावापुढे पहिल्यांदा ‘प्रलंबित’ दिसलं. काहीही झालं नाही. एका साहेबांनी विचारलं, तब्येत बरी आहे ना?

आता इथं मी म्हणावं की त्या दिवसापासून मी बदलले, तर ते साफ खोटं ठरेल. मी यादीत नवी ओळ लिहिली, ‘मावशींकडे जाणे’. पहिल्या रविवारी जमलं नाही. दुसऱ्या रविवारी लग्न होतं. मग मार्चअखेर आला, आणि मार्चअखेरला आमच्या कार्यालयात माणूस मेलं तरी एप्रिलमध्येच कळतं. ती ओळ एका यादीतून दुसऱ्या यादीत जात राहिली. प्रत्येक वेळी ती उतरवताना मला मिरचीनं माखलेले, बाजूला धरलेले ते हात दिसायचे आणि मी पटकन पुढची ओळ लिहायचे. दया यायला माझ्याकडे वेळ होता, पण जायला नव्हता.

आखाजीच्या आधी चार दिवस जिजी बाजारातून दोन डांगरं घेऊन आल्या. “आपले एकच लागस ना?” मी विचारलं.

“दुसरं तुन्हं शे,” त्या म्हणाल्या. “तू ‘येस’ म्हनी उनी ना तठे.” मी तिथं ‘येते’ म्हणाले होते, ते त्या विसरल्या नव्हत्या.

आखाजीच्या सकाळी घरची घागर भरून झाली आणि आम्ही निघालो. रस्ताभर मला एकच धास्ती होती. त्या रविवारी मावशींचा नवरा शेतात होता, आज सणाला तो घरीच असणार. ज्या माणसानं आपल्या पोरीचं दार मांडलं नाही, तो आम्हाला दारात उभं तरी करेल का? आणि आमच्या जाण्यानं त्या बाईला मागाहून काय ऐकावं लागेल? अर्ध्या वाटेत मी गाडी हळू केली. जिजी म्हणाल्या, “चाल.”

तो उंबऱ्याशीच बसला होता. उंच, वाळका, डोक्याला पांढरी टोपी, पुढ्यात कुंकवाची वाटी. तो बोटं ओढत होता आणि पुटपुटत नावं घेत होता. आजा, आजी, बाप, माय, दोन भाऊ. ती त्याच्यामागे आत घागरीजवळ उभी होती. तिनं आम्हाला पाहिलं आणि पदराचं टोक तोंडाशी धरलं. आम्ही ओट्याखालीच थांबलो.

शेवटचं नाव घेऊन झालं. त्यानं पुन्हा बोट कुंकवात बुडवलं. उंबऱ्याजवळ नेलं. आणि ते तिथंच राहिलं.

आठ वर्षं त्यानं मुलीच्या नावाचं बोट न थांबता ओढलं होतं. ती जिवंत होती, कुठंतरी स्वयंपाक करत होती, हसत होती, तेव्हा त्याचा हात थरथरला नव्हता. आता ती खरंच गेली होती आणि त्याच्यानं ते होईना. बोटावरचं कुंकू वाळायला लागलं.

मग त्यानं मान वर केली आणि त्याला आम्ही दिसलो. “कोनकडला तुम्ही?”

मी हातातलं डांगर दोन्ही हातांनी पुढे धरलं आणि म्हणाले, “बाबा, मागच्या खेपेला मी दार चुकून आले होते. आज चुकून आले नाही.”

त्यानं मागे बायकोकडे बघितलं. तिनं नजर खाली केली नाही. तिच्या चेहऱ्यावरून त्याला किती कळलं ते देव जाणे. मग त्यानं वाटी उचलून तिच्याकडे सरकवली आणि म्हणाला, “मन्हा कडून व्हत नही. तू काढ.”

ती खाली बसली. तिनं मुलीचं नाव मोठ्यानं घेतलं, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल इतकं मोठ्यानं. ते नाव मी इथं लिहीत नाही, ते त्यांचं आहे. बोट ओढलं आणि तिचा बांध फुटला. म्हाताऱ्यानं डोक्यावरची टोपी काढून तोंडावर धरली. जिजी ओटा चढल्या आणि त्यांनी सूर धरला, “बाय मन्ही...” शेजारच्या घरातून एक बाई बाहेर आली, मग दुसरी. दोघींनी आमच्याकडे बघितलं, म्हाताऱ्याकडे बघितलं, आणि पदर सावरत त्याही ओट्यावर चढल्या. बघता बघता ओट्याखाली चपला साचल्या.

यावेळी तिचे हात स्वच्छ होते. ती आपले डोळे आपल्याच हातांनी पुसत होती.

दुपारी आम्ही त्यांच्याकडेच जेवलो. आमरस होता, पुरणपोळ्या होत्या. डांगर त्यानं स्वतः कापलं आणि पहिली फोड मला दिली. निघताना मी अडखळले. हे दाराचं घर होतं की सणाचं, मला ठरवता येईना. जिजी मुकाट्यानं पुढे गेल्या होत्या. मी उंबऱ्यावरची कुंकवाची बोटं चुकवून पाय टाकला, वळले आणि या वेळी जाणूनबुजून, त्यांच्याच बोलीत म्हणाले, “येस मी, मावशी.”

ती हसली. ओट्यावरून म्हातारा माझ्याकडे न बघता म्हणाला, “पुढली आखाजीले वाट देखाले लावजो नको, बाय.”